मोलकरीण क्रमांक दोन

पहाटे चारला शेफिल्डहून सुटलेली बस
डर्बीशरमधल्या त्या मोठ्या घरापाशी पोचायची
तेव्हा मेंढ्यासुद्धा झोपलेल्या असायच्या.
टॅमसिन ऑसगर्बी, वय एकोणीस.
कागदावर तिचं नाव नव्हतंच:
मोलकरीण क्रमांक दोन.
मी कपडेपटातली. तिच्या टोपीत पिना खोचायचे,
एप्रनची गाठ पाठीवर आवळायचे
आणि ती माझ्या हाताखाली उभ्या उभ्या
आपलं एकुलतं एक वाक्य घोळवत राहायची,
‘बाईसाहेब, डॉक्टर आलेत.’

तीन शब्द.
त्यांच्यासाठी उच्चार शिकवणाऱ्या बाई वेगळ्या.
हल बंदरावरचे तिचे स्वर
रुंद, बसके, मासळीच्या पाट्यांसारखे;
ते त्यांनी धुतले, पिळले
आणि डर्बीशरच्या दोरीवर वाळत घातले.
‘आईला फोन केला ना, की माझी जीभ
आधी जरा वेळ दारातच उभी राहते,’
एकदा म्हणाली होती, बेकनचा पाव खात,
गळ्याशी कागदी रुमाल खोचून.
डाग पडला असता तर माझी खैर नव्हती.

सतरा वेळा ती ट्रे घेऊन आली.
किटलीत चहा नव्हे,
जाळलेल्या साखरेचं गार पाणी.
एकदा दिवा गेला, एकदा वरून विमान गेलं,
एकदा बाईसाहेबांना शिंक आली.
अठराव्यांदा दिग्दर्शक म्हणाला, ‘छान.’
दिव्याला म्हणाला की तिला, कळलं नाही.

नाताळाआधीच्या रविवारी ते टीव्हीवर लागलं.
विदर्नसीच्या वृद्धाश्रमात, समुद्राकडे पाठ करून
तिची मावशीआजी आयव्ही बसलेली,
त्र्याण्णव वर्षांची,
चौदाव्या वर्षी अशाच एका घरात राबायला गेलेली.
सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या.
आयव्ही तेवढी गप्प.
मग म्हणाली,
‘दार चुकलं गं, पोरी.
त्या दारातून आम्ही कधी आलो नाही.
आमचं दार भिंतीतच असायचं,
त्याच्यावरही भिंतीचाच फुलाफुलांचा कागद.
आणि ट्रे इतका हलका नसतो.’

पुढच्या मालिकेत पुन्हा टोपी, पुन्हा एप्रन.
शॉटच्या आधी तिने किटलीचं झाकण उघडलं
आणि बापाच्या गळाची शिशाची वजनं
एकेक करून आत सोडली.
बोलली नाही कुणाला. मी पाहिलं.
त्या दिवशी तिचे खांदे निराळेच दिसले,
आणि कॅमेऱ्यामागचा माणूस
न विचारता दोन पावलं तिच्याकडे सरकला.

मधलं सगळं मला ठाऊक नाही.
एक पुडिंगची जाहिरात, म्हणे,
नदीकाठी सापडलेलं एक प्रेत,
आणि लीड्समधल्या कॅफेत सात महिने.
तिथले ट्रे खरे होते.

सव्विसाव्या वर्षी ती परत आली.
आयव्ही तोवर राहिली नव्हती.
या वेळी माझ्या हातात पिना नव्हत्या;
तिच्या पाठीवरची एकोणतीस मोत्यांची बटणं होती.
बाईसाहेब आता तीच.

शॉट साधा: तिने पत्र वाचायचं,
मोलकरणीने ट्रे ठेवून जायचं.
मुलगी आली, हात किंचित थरथरत होते,
आणि टॅमसिन पत्र विसरून
तिच्याकडे बघत राहिली.
‘कट. बाईसाहेब तिच्याकडे बघत नाहीत.’
पुन्हा. पुन्हा बघितलं.
तिसऱ्यांदा तर अर्धवट उठलीच,
ट्रेखाली हात द्यायला.
पाचव्यांदा मात्र नजर पत्रावरून हलली नाही.
‘छान,’ तो म्हणाला. या वेळी तिलाच.

रात्री मी बटणं सोडवत होते.
आरशातून तिने विचारलं,
‘त्या मुलीचं नाव काय गं?’

सकाळी तिच्या टोपीत पिना
मीच खोचल्या होत्या.
मी खालच्या बटणाकडे वळले.